निमे वेतन

शंभर वर्षांपूर्वी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रेवसला लागली की तिच्यातून गिरणीतले चाकरमानी उतरत. कुणी सणाला आलेला, कुणी लावणीला. अधूनमधून एखादा असाही असे की ज्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं आणि ट्रंक दुसऱ्याच्या डोक्यावर. साच्यातून सुटलेला धोटा डोळ्यावर बसला होता किंवा फिरत्या पट्ट्यात बोटं गेली होती. कारण काहीही असो, गिरणीच्या लेखी गोष्ट तिथेच संपलेली असे. खाडा पडला की पगार बंद. त्याच्या साच्यावर दुसऱ्या दिवशी बदली उभा राही.

मग या माणसाला पोसत कोण होतं? गावाकडची दीड-दोन एकर भातजमीन, भाऊ आणि भावजय. कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१च्या अहवालात लिहिलं की कामगाराचं गावाशी असलेलं नातं टिकवलं पाहिजे, कारण आजारपणात आणि बेकारीत तोच त्याचा आधार आहे. आधार खराच होता. पण त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. मुंबईच्या यंत्राने मोडलेल्या माणसाचा खर्च तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातलं एखादं खाचर भरून देत होतं आणि गिरणीच्या हिशेबात त्याची एक पै दिसत नव्हती.

काम करताना मोडलेल्या माणसाला कमाईचा काही भाग मिळत राहावा, हा विचार मात्र या मुलखाला नवा नव्हता. प्रतापगडच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी काय केलं ते सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवलं आहे. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन चालू केलं. जखमींना जखम पाहून २५ होनांपासून २०० होनांपर्यंत रक्कम दिली. पुढे मराठी दप्तरांत बालपरवेशी हा शब्द येतो. कामी आलेल्या माणसाच्या पोरक्या मुलांसाठी दिलेली ती नेमणूक. सभासदाच्या त्या दोन-चार ओळींत दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. मेलेल्याच्या घराला अर्धा पगार, आणि जखमेच्या मापाने पैसा. अडीचशेहून अधिक वर्षांनी दिल्लीत झालेला कामगार नुकसानभरपाईचा कायदा याच दोन खांबांवर उभा राहिला. त्याचा मसुदा करणाऱ्यांनी विलायतेकडे पाहिलं होतं, बखरीकडे नाही. तरीही दोन वेगळ्या काळांतली माणसं त्याच दोन उत्तरांपाशी पोचली, हे लक्षात ठेवावं असं आहे.

मधल्या काळात जे होतं ते असून नसल्यासारखं होतं. १८५५चा प्राणांतिक अपघातांचा कायदा मृताच्या वारसांना दावा लावू देई, पण मालकाची चूक सिद्ध करायची ती त्यांनीच. वर इंग्रजी न्यायाची एक पळवाट होती. अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर मालक मोकळा. जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, न पाहता पट्टा चढवला आणि साच्यात कुणाचा हात गेला, तर दोष जॉबरचा. अलिबाग किंवा पेणच्या एखाद्या विधवेने मुंबईच्या कोर्टात वकील देऊन गिरणीविरुद्ध हे सगळं शाबीत करायचं, ही कल्पनाच अशक्य होती. ही पळवाट बुजवणारा कायदा यायला १९३८ साल उजाडावं लागलं.

इथे या किनाऱ्याच्या पाठीमागच्या एका गावाचं नाव घ्यावं लागतं. माणगाव तालुक्यातलं गोरेगाव. ५ जून १८७९ रोजी तिथे नारायण मल्हार जोशी जन्मले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत ते होते, आणि १९२१ पासून पुढे पाव शतक मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलण्यासाठी नेमलेले सदस्य होते. लोअर परळचा डिलाइल रोड आज त्यांच्या नावाने आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा मवाळ, हळू बोलणारा माणूस रायगडचा होता?

जोशी सदस्य असलेल्या याच कायदेमंडळात कामगार नुकसानभरपाई कायदा मार्च १९२३ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. जर्मनीत असा कायदा १८८४ साली आला होता, इंग्लंडमध्ये १८९७ साली. त्यातली खरी क्रांती एका गोष्टीत होती. चूक कुणाची, हा प्रश्नच बाजूला सारला गेला. अपघात कामामुळे आणि काम करत असताना झाला एवढं पुरे, मग मालकाने पैसे द्यायचेच. दारू पिऊन काम केलं किंवा सुरक्षेची जाळी मुद्दाम काढून टाकली तर हक्क जाई, पण पुढे १९३३ साली मृत्यूच्या बाबतीत ही अटही काढली गेली. बाप प्यायला होता म्हणून मुलं उपाशी राहू नयेत, इतका साधा न्याय त्यामागे होता.

बदल्यात कामगाराने काय सोडलं? पूर्ण भरपाई. हा सौदा होता. मालकाची चूक दाखवायची गरज नाही, पण मिळेल ते अर्धंच. तात्पुरत्या अपंगत्वात पंधरा दिवसांना महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा किंवा १५ रुपये, जे कमी असेल ते. महिन्याचा हिशेब केला तर निमे वेतन. तेही पहिले दहा दिवस सोडून. पूर्ण पगार दिला तर माणूस बरा होऊनही कामावर येणार नाही, ही मालकांची भीती त्या अर्ध्यात आणि त्या दहा दिवसांत गोठलेली आहे. दहाचे सात दिवस झाले १९३३ साली, सातचे तीन झाले १९५९ साली. म्हणजे एक आठवडा कमी व्हायला पस्तीस वर्षं गेली.

कायद्याच्या शेवटी एक तक्ता जोडला होता. तो आज वाचतानाही अंगावर काटा येतो. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची ताकद ७० टक्के गेली असं धरावं, डावा गेला तर ६०. गुडघ्यापासून पाय, ६०. दोन्ही कानांची श्रवणशक्ती कायमची गेली तर ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. उरलेल्या बोटांपैकी कोणतंही एक, ५. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, जे कमी ते. मृत्यूला ३० महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, तिथेही कमी तेच. महिना ३० रुपये मिळवणाऱ्या विणकराचा एक डोळा गेला तर हिशेब येतो १,२६० रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे ३७८ रुपये. तो मेला तर घरी ९०० रुपये. आणि कामावर मेलेला कामगार अल्पवयीन असेल तर दोनशे रुपये, बस्स. मोठा आणि लहान हा भेद कायद्यातून जायला १९५९ साल आलं.

तरीही त्या तक्त्याला नावं ठेवून पुढे जाणं बरोबर होणार नाही. त्याआधी त्या डोळ्याची किंमत शून्य होती. आणि कायद्यात एक शहाणपण होतं ज्याचं मोल गावाकडच्या बाईला सर्वांत जास्त. मृत्यूची रक्कम मालकाने विधवेच्या हातात परस्पर द्यायची नाही, या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्ताकडे जमा करायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. मुकादम, सावकार, दीर, गावचा पुढारी, या सगळ्यांचे हात मधे येण्याआधी आयुक्ताने वाटणी ठरवायची. शंभर रुपये टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याची चाल मालकांना ठाऊक होती. हा कायदा लिहिणाऱ्यांनाही ती ठाऊक होती, हे या एका कलमावरून कळतं.

कायदा गिरणी, रेल्वे, खाण, गोदी यांच्यासाठी होता. उरण-पेणच्या मिठागरांत गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पाडून घेणाऱ्यांपर्यंत तो पोचणं वेगळी गोष्ट होती. मिठागर, खाडी आणि तर (खाडीपार नेणारी नाव) हे इथल्या माणसाचं रोजचं चित्र. याच चित्रावर सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आहे, फक्त तो आपल्या नाही तर सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा. पोरबंदरजवळ एका मीठ कंपनीचे कामगार काम संपवून खाडी ओलांडून घरी जात. १२ जून १९५२ रोजी नाव उलटली आणि काही जण बुडाले. वारसांनी भरपाई मागितली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. नाव सार्वजनिक होती, कंपनीची नव्हती, आणि कामाची हद्द तरीपर्यंत ताणता येत नाही, असा निर्णय झाला.

ज्याला खाडी ओलांडल्याशिवाय कामावर जाता-येताच येत नाही, त्याच्यासाठी खाडी हा कामाचाच भाग असतो. करंजा-रेवसमध्ये तरीची वाट पाहणारा कुणीही हे सांगेल. न्यायालयालाही ते हळूहळू पटत गेलं. १९६३ साली बेस्टच्या एका बसचालकाचा निकाल लागला. जोगेश्वरी डेपोत काम संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता आणि वाटेत अपघातात गेला. ती बससेवा हा कामाचाच भाग आहे असं धरून त्याच्या विधवेला भरपाई मिळाली. मग मराठवाड्यातल्या साखर कारखान्याचा एक पहारेकरी आला. २००३ साली पहाटे पाळीवर जाताना कारखान्यापासून काही किलोमीटरवर तो मोटारसायकलच्या अपघातात मेला. आयुक्ताने दिलेली भरपाई मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती जुलै २०२५ मध्ये परत दिली आणि सांगितलं की घरापासून कामापर्यंतच्या वाटेवर झालेला अपघात, वेळ आणि ठिकाण यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच धरावा. न्याय झाला, पण त्याला बावीस वर्षं लागली. निमे वेतन म्हणजे उद्याच्या चुलीचं वेतन. ते बावीस वर्षांनी आलं तर मधल्या काळात चूल कुणी पेटवली?

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या किनाऱ्याचं रूप पालटलं. समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं, उरणला ओएनजीसीचा प्रकल्प आला, थळला खत कारखाना, नागोठण्याला गॅस क्रॅकर, आणि १९८९ साली न्हावा-शेवाला बंदर. भाताची खाचरं आणि मिठागरं गेली. भावजयीच्या खाचरातून मिळणारा जुना विमा त्यांच्याबरोबर गेला. आता मोडलेल्या माणसामागे खरंच कायद्याशिवाय काही उरलं नाही. ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याच्या प्रकल्पात वायूचा स्फोट झाला आणि ३०हून अधिक माणसं गेली, तेव्हा जिल्ह्याने हे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणात पाहिलं.

आणि तोवर कामगाराची जातच बदलली होती. कंपनीचा माणूस वेगळा, ठेकेदाराचा वेगळा, ठेकेदाराच्या पोटठेकेदाराचा आणखी वेगळा. १९२३च्या कायद्यात यावर पहिल्यापासून उत्तर होतं. ज्याच्या धंद्याचं काम चालू आहे त्या मूळ मालकाने भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. कलम चोख आहे. पण त्याचा उपयोग त्यालाच, जो त्या दिवशी त्या जागी कामावर होता हे दाखवू शकतो. शिवाय नैमित्तिक कामगार, म्हणजे मालकाच्या नेहमीच्या धंद्याबाहेरच्या कामासाठी दोन-चार दिवस बोलावलेला माणूस, २००० सालच्या दुरुस्तीपर्यंत कायद्याच्या बाहेरच होता. कायद्याच्या यादीत ताड-माड तासणाऱ्यांचा उल्लेख कधीचाच आहे, पण श्रीवर्धनच्या वाडीत झाडामागे पैसे घेऊन पोफळीवर चढणारा माणूस कुणाचा कामगार? वाडीवाला म्हणतो, आला तसा गेला.

होडीवरच्या खलाशाचं कोडं त्याहून अवघड. भरडखोल, राजपुरी, साखर, वरसोली, करंजा, कुठेही पाहा. डिझेल, बर्फ आणि किराणा वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात. नाखव्याचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा. वाट्याला पगार म्हणायचं का? आणि पगारच ठरला नाही तर त्याचं निमं कशाचं काढायचं? मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांना अपघात विमा आहे, मृत्यूला ५ लाख, रुग्णालयात राहावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. चांगली सोय आहे ती. पण दोरात अडकून पाय मोडलेला खलाशी तीन महिने घरी बसला तर त्या तीन महिन्यांचं वेतन तिच्यात नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा मुंबईच्या समुद्रात बुडाला. तेलक्षेत्रातल्या कामासाठी त्यावर २६१ माणसं होती. ७०हून अधिक गेली. पुढचे काही दिवस रायगडच्या किनाऱ्याला मृतदेह लागत होते. कित्येकांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. भरपाईच्या कायद्याचा सगळ्यात पहिला प्रश्न, हा माणूस कोण आणि कुणाच्या कामावर होता, तो तिथे वाळूवर अक्षरशः पडलेला होता.

आजचा हिशेब एकदा आकड्यांत पाहावा. समजा उरणच्या कंटेनर यार्डात तीस वर्षांच्या एका माणसाचा अंगठा दाराच्या फटीत सापडून गेला. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा (हे नाव २०१० पासूनचं) २०२० नंतर महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५ हजार धरत आला. त्याला प्रत्यक्षात २५ हजार मिळत असले तरी हिशेबात १५च. दोन महिने घरी बसला तर पंधरवड्याला ३,७५०. नंतर कायमच्या हानीचा हिशेब. १५ हजारांचे ६० टक्के, म्हणजे ९ हजार. त्याला तिशीच्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. अंगठ्याचे आज ३० टक्के धरतात. हाती येतात ५,६१,५४६ रुपये. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. एक महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबब पटली नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

तक्त्यातला टक्का अखेरचा शब्द मात्र नाही. १९६८ साली एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. तक्त्याप्रमाणे त्याची हानी १०० टक्के भरत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली विचारलं की एका हाताने सुतारकाम होतं का? होत नाही, म्हणून हानी पूर्ण १०० टक्के. रंधा धरायला एक हात आणि लाकूड धरायला दुसरा, हे ज्याने पाहिलंय त्याला हा निकाल पटवून द्यावा लागत नाही.

दहा किंवा अधिक माणसांचा कारखाना असेल आणि पगार २१ हजारांच्या आत असेल तर चित्र पुष्कळ बरं आहे. राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, कामावरच्या दुखापतीत रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही. पहिल्या दिवशी दुखापत झाली तरी हक्क आहे. निम्यापासून नव्वदपर्यंतचं हे अंतर म्हणजेच गेल्या शतकातली खरी कमाई. ती पदरात पडते मात्र नोंद झालेल्याच्याच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३चा जुना कायदा तिच्यात विरघळला. कामाच्या वाटेवरचा अपघात आता संहितेतच लिहिलेला आहे. पोरबंदरच्या खाडीत बुडालेल्यांच्या वारसांना जे नाकारलं गेलं, ते मागायला करंजाच्या तरीवरच्या माणसाला आता निदान कलमाचा आधार आहे.

राहिला प्रश्न नावाचा. नाखव्याने फेरीला निघण्याआधी वहीत खलाशाचं नाव, गाव आणि ठरलेला वाटा लिहावा. ठेकेदाराने पाळी सुरू होण्याआधी हजेरी घ्यावी, संपल्यावर नाही. पोफळीवर माणूस चढवणाऱ्या वाडीवाल्याने त्याला दिलेले पैसे कुठेतरी टिपून ठेवावेत. आणि ज्याच्या घरातला माणूस अशा कामावर जातो, त्याने महिन्यातून एकदा हजेरीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरी ठेवावा. दावा उभा राहतो तो त्या पानावर.